घरच्यांना विचारलंय

१० नोव्हेंबर

आलो एकदाचा माझ्या मुलखात. विनीत स्वतः गाडी चालवत सोडायला आला. ठाण्याहून अंधारातच निघालो, वाटेत पोलादपूरला मिसळ खाल्ली, आणि कणकवली सोडल्यावर मी गाडीची काच खाली केली ती मालवण येईपर्यंत वर घेतलीच नाही. सून इशिता मागच्या सीटवर होती. तिचे केस विस्कटत होते, बिचारीने ते ओढणीत बांधून घेतले.

ठाण्यात अकराव्या मजल्यावर मला कुणी वाईट वागवलं असं नाही. पण दोघं कामावर गेली की घरात मी आणि फ्रिज. तोही अधूनमधून बोलायचा तेवढाच. शेवटी मीच म्हटलं, मला समुद्र दिसेल तिथे ठेवा. विनीतने शोधून शोधून हे 'सांजओटा' काढलं. तारकर्लीच्या रस्त्याला माडांच्या बागेत चिऱ्याची बैठी इमारत, वर कौलं, पुढे लांबलचक ओटा. ओट्यावर खुर्ची टाकून बसलं की माडांमधून पाणी दिसतं. मागे फणसाखाली आणखी एक सुटी खोली आहे. ज्यांना शांतता हवी, आराम हवा, त्यांना तिथे ठेवतात म्हणे.

इथलं सगळं सारिकाताई बघतात. चाळिशीच्या असतील, हसऱ्या, सगळ्यांना काका-काकी म्हणणाऱ्या. मी मालवण एसटी स्थानकात वाहतूक नियंत्रक होतो हे कळल्यावर म्हणाल्या, म्हणजे भोंग्यावर गाड्या पुकारणारा आवाज तुमचाच, लहानपणी ऐकलाय. मला फार बरं वाटलं.

निघताना विनीत रडला. त्याची आई गेली तेव्हाही इतका रडला नव्हता. मीच त्याची समजूत घातली.

रात्री बांगड्याची आमटी, भात आणि सोलकढी. ठाण्यात ही चव नाही.

१२ नोव्हेंबर

आज मंगळवार, डॉक्टरांचा वार. मालवणहून येतात, ओट्यावर बसून एकेकाला तपासतात. मला गंमत वाटली ती इथल्या मंडळींची. सकाळपासून सगळ्यांची तयारी. बायकांनी वेण्या घातल्या, पुरुषांनी दाढ्या केल्या, इस्त्रीचे सदरे घातले. डॉक्टरांनी विचारलं की प्रत्येकाचं एकच उत्तर, बरो आसंय. बरी आसंय. इतकी निरोगी म्हातारी माणसं मी एका जागी कधी बघितली नव्हती.

माझ्या खोलीत धोंडू म्हणून एकजण आहे. जन्मभर होड्या चालवलेला माणूस, हात अजून दोरखंडासारखे. दोन रात्री तो खोकतोय, झोपतही बसूनच. पण डॉक्टरांसमोर त्याने खोकला असा गिळला की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाला, बरो आसंय. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की याला धाप लागते, रात्रभर खोकतो. डॉक्टरांनी छाती तपासली, कपाळाला आठ्या घातल्या आणि गोळ्या लिहून दिल्या. आजच सुरू करा म्हणाले.

धोंडू माझ्याकडे बघत राहिला. शेजारी विमलाबाई होत्या, देवगडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आगाऊपणा झाला बहुतेक. पण माणसाच्या जिवापुढे आगाऊपणा कसला?

१५ नोव्हेंबर

काल अंगणात तुळशीचं लग्न झालं. मंगलाष्टकं मीच म्हटली. सारिकाताईंनी चुरमुरे आणि उसाची कांडकी वाटली. विमलाबाईंचा गळा या वयातही गोड आहे.

धोंडूच्या गोळ्या अजून आलेल्या नाहीत. पहिल्या दिवशी विचारलं तर गावात कुणी गेलं नाही असं कळलं. दुसऱ्या दिवशी दुकानात शिल्लक नव्हत्या. आज सारिकाताई म्हणाल्या, घरच्यांना विचारलंय. मी म्हटलं, घरच्यांना काय विचारायचं, डॉक्टरांनी लिहिलंय ना? त्या हसून म्हणाल्या, पद्धत असते काका.

असेल. आमच्याही खात्यात टायर बदलायला कणकवलीच्या ऑफिसची परवानगी लागायची.

१७ नोव्हेंबर

आज मी रिक्षा करून मालवणात गेलो. स्थानकासमोरचा औषधवाला ओळखीचा. चिठ्ठी इथल्या ऑफिसात होती, पण त्याने डॉक्टरांनाच फोन लावला. डॉक्टरांना नवल वाटलं. अजून सुरू नाही केल्या, असं विचारलं म्हणे. गोळ्या घेतल्या, बाजारात एक फेरी मारली, धोंडूसाठी मालवणी खाज्याची पुडी घेतली आणि परत आलो.

खोलीत धोंडूची खाट रिकामी. अंथरूण गुंडाळून ठेवलेलं. त्याला आराम पडावा म्हणून मागच्या खोलीत नेलं होतं. सारिकाताईंनी माझ्या हातातून गोळ्या घेतल्या, तोंड भरून कौतुक केलं, तुमच्यासारखी माणसं हवीत म्हणाल्या. मी स्वतःच देतो म्हटलं तर म्हणाल्या, नको काका, औषध आमच्याच हातून जायला हवं.

बरोबरच आहे ते. खाजा मी आणि विमलाबाईंनी खाल्ला. खाताना त्या सारख्या फणसाकडे बघत होत्या.

१९ नोव्हेंबर

डॉक्टर येऊन गेले. धोंडूची चौकशी केली. सारिकाताई म्हणाल्या, आत्ताच डोळा लागलाय, बराच उतार आहे. डॉक्टरांना पुढे देवबागला जायचं होतं. ते गेले.

मी ऑफिसच्या दारात उभा होतो. कपाटावर माझी गोळ्यांची पुडी दिसली. दुकानदाराने लावलेला रबर तसाच होता.

विचारलं. घरच्यांना विचारलंय.

२० नोव्हेंबर

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मागच्या खोलीत गेलो. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. आत ओल्या गोणपाटासारखा वास. फणसामुळे उजेड हिरवट. तीन खाटा, दोन रिकाम्या. तिसरीवर धोंडू. मी आधी ओळखलंच नाही. गाल आत गेले होते, ओठांवर पापुद्रे आले होते, आणि श्वास असा येत होता की जणू रेतीवरून होडी ओढतायत.

त्याला पाणी पाजलं. तो घोटभर प्यायला आणि माझं मनगट धरून म्हणाला, "कित्याक सांगलंस त्यांका?"

मी म्हटलं, औषध येतला.

त्याने हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिथून सरळ ऑफिसात गेलो, भांडलो. आवाज चढवला. सारिकाताई जागच्या उठल्याही नाहीत. काका, तुमचं बीपी वाढेल, एवढंच म्हणाल्या.

२२ नोव्हेंबर

धोंडू काल सकाळी गेला.

त्याचा मुलगा मुंबईहून आला. सगळं आटपल्यावर त्याने सारिकाताईंना हात जोडले. तुम्ही होता म्हणून सगळं शांतपणे झालं, असं म्हणाला. मी त्याला गाठलं आणि गोळ्यांचं सांगू लागलो. तो माझ्याकडे न बघता चपला शोधत राहिला. चपला समोरच होत्या.

विनीतला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाबा, दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टींत तुम्ही कशाला पडता?

२४ नोव्हेंबर

संध्याकाळी विमलाबाई म्हणाल्या, चला, वेळेवर जाऊन येऊ. वेळेवर म्हणजे समुद्रावर. 'सांजओट्या'पासून लांब आल्यावर, लाटांच्या आवाजात, त्यांनी मला सगळं सांगितलं.

म्हणाल्या, "हय डॉक्टर लिहिता, पण देवचा का नाय, ता घरचे ठरयतत."

चिठ्ठी झाली की सारिकाताई घरी फोन करतात. द्यायचं का, एवढंच विचारतात. कुणी नको म्हणत नाही. नको कोण म्हणेल? थांबूया म्हणतात. बघूया म्हणतात. मग सारिकाताई थांबतात. माणूस मागच्या खोलीत जातो. म्हणून मंगळवारी सगळे दाढ्या करतात, वेण्या घालतात. चिठ्ठीच झाली नाही तर फोन जात नाही.

विमलाबाईंच्या छातीत वर्षभर कळ येते. डॉक्टरांना त्यांनी ती कधी सांगितलेली नाही. त्यांना एकच मुलगी, शर्मिला, पुण्याला असते. मी म्हटलं, मग मुलीलाच का नाही विचारत? त्या म्हणाल्या, विचारलं नाही तोवर ती माझी मुलगी आहे.

धोंडूला मीच तिथे पोचवलं. न कळत असेल, पण मीच.

तरी मी विमलाबाईंना म्हटलं, माझा विनीत तसा नाही. त्यांनी पायाची वाळू झटकली आणि परत फिरल्या.

परतताना खडपाच्या निसरड्या दगडांवर पाय घसरला, कालवाच्या शिंपेने टाच चिरली. मिठाच्या पाण्याने धुतली. मला साखर आहे, जपायला हवं.

२६ नोव्हेंबर

टाच सुजली आहे. घोट्यापर्यंत लाल. ताप.

सकाळी विमलाबाई दारात येऊन गेल्या. मोजा घाला, लंगडू नका, डॉक्टराक सांगू नकात, असं कुजबुजल्या. मी मोजा चढवलाही. मग मनात आलं, हा मी माझ्या पोटच्या पोरावर संशय घेतोय. त्याला शाळेच्या सहलीला पाठवताना आधी मी टायर तपासून यायचो, हे त्याला माहीत आहे. मोजा काढला आणि डॉक्टरांपुढे पाय ठेवला.

डॉक्टर गंभीर झाले. विष वर चढेल म्हणाले. इंजेक्शनं लिहिली. आजच्या आज सुरू करा, दोन दिवसांत उतार नाही पडला तर मोठ्या दवाखान्यात हलवा.

विनीत एका मिनिटात हो म्हणेल.

२७ नोव्हेंबर

इंजेक्शन आलं नाही. घरच्यांना विचारलंय.

मी म्हटलं, खोटं. माझ्यासमोर फोन लावा. सारिकाताईंनी हातातलं रजिस्टर मिटलं. मग दार लोटलं, फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"विनीतदादा, बाबांच्या पायाला इंजेक्शनं लिहिलीत. सुरू करायची का?"

पलीकडे त्याने टीव्ही बारीक केला. मग म्हणाला, "बाबा जवळ आहेत का?"

"नाही. झोपलेत."

"मग थांबूया ना जरा. आईच्या वेळी किती टोचलं, किती फिरवलं, शेवटी काय झालं? परत ती ओढाताण नको. शांतपणे होऊ दे. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतोय?"

मी तोंड उघडलं. भोंग्याशिवाय अख्खं स्थानक गाजवलंय मी. आवाज आलाच नाही.

फोन बंद करून त्यांनी मला चहा दिला. साखर नसलेला, लक्षात ठेवून. म्हणाल्या, "राग धरू नका काका. सगळ्यांच्या घरचे असंच बोलतात. मी माझ्या मनाने काही करत नाही."

संध्याकाळी विनीतचा मला फोन. बाबा, कसा आहे पाय? मी विचारलं, सारिकाताईंना काय सांगितलंस? तो म्हणाला, "लगेच सुरू करा म्हटलं, बाबा. काळजी करू नका. येतंय औषध."

त्याचा आवाज इतका प्रेमळ होता. त्या आवाजावर कुणीही विश्वास ठेवेल. मी ठेवला असता.

३० नोव्हेंबर

लाल रेघ गुडघ्याकडे सरकतेय. अक्षर बिघडलंय.

सकाळी काठी घेऊन फाटकातून निघालो. रस्ता जवळच, पण वाटेत दोनदा बसावं लागलं. मालवणची गाडी आली. हात केला, थांबली. कंडक्टरने ओळखलं. तोंडवळकर साहेब तुम्ही? म्हणाला. हात धरून पायरीवर घेतलं. मी सांगितलं, दवाखान्यात ने, हे मला औषध देत नाहीत.

सारिकाताई मागून आल्या. पळत नाही, चालत. कंडक्टरला सांगितलं, काकांना ताप डोक्यात गेलाय, मुलाशी बोला. फोन दिला. तो ऐकत राहिला, हो दादा, हो दादा म्हणत. मग त्याचे डोळे बदलले. वेड्याकडे बघतात तसे माझ्याकडे बघू लागले. हळूच मला खाली उतरवलं. पाया पडला. बरे व्हा साहेब म्हणाला.

घंटी मारली. गाडी गेली.

माझा फोन त्यांनी ठेवून घेतला. आराम पडावा म्हणून.

३ डिसेंबर

मंगळवार. याच दिवसाची वाट बघत होतो. काल विमलाबाईंचे हात धरले. म्हटलं, डॉक्टरांपुढे मी बोलेन, तुम्ही फक्त हो म्हणा. एका माणसाचं ऐकत नाहीत, दोघांचं ऐकतील. त्या रडल्या. हो म्हणाल्या.

डॉक्टर आले. इंजेक्शनाचं विचारलं, सारिकाताईंनी दोन दिली म्हणून सांगितलं. मी सगळं बोललो. धोंडूचं, गोळ्यांच्या पुडीचं, फोनचं. जीभ जड होती तरी बोललो. डॉक्टरांनी सारिकाताईंकडे बघितलं. त्या हसल्या, कपाळाला बोट लावलं. मी म्हटलं, विमलाबाईंना विचारा.

डॉक्टरांनी विचारलं.

विमलाबाईंनी वेणीवरून हात फिरवला.

"आमका सगळा वेळच्या वेळी गावता," त्या म्हणाल्या. "मी बरी आसंय."

डॉक्टर मला म्हणाले, आणखी कडक इंजेक्शन लिहितो, मोठ्या दवाखान्यात हलवायचं ताई मुलाला विचारतील. येईल, धीर धरा. परत लिहून दिलं. परत. ओट्यावर सगळे खाली बघत होते. सगळ्यांच्या गुळगुळीत दाढ्या.

दुपारी मला मागच्या खोलीत आणलं.

४ डिसेंबर

वही उशाखाली. उजेड हिरवट. पाय माझा वाटत नाही, कुणीतरी आणून ठेवलाय.

तहान —

विमलाबाई खिडकीशी आल्या. गजातून पाणी दिलं, माझ्याकडे न बघता. म्हणाल्या, हो म्हटलं असतं तर संध्याकाळी शर्मिलाला फोन गेला असता. मी म्हटलं, कळलं. खरंच कळलं. तरी क्षमा नाही करता आली. तोंड फिरवलं —

भिंतीवर नखांचे ओरखडे आहेत. या खाटेच्या उंचीवर. धोंडूचे असतील. त्याच्या आधीच्यांचेही. माझा हात आपोआप तिथेच जातो —

विनीतला खरं कळलं तर येईल. पाय बघितला नाही त्याने. बघितला की —

५ डिसेंबर

गाडी वाजली. त्याची गाडी. विनीत आलाय. मी सांगितलं होतं ना —

बाहेर फणसाखाली बोलतायत. इशिताही आहे. गावाहून माझे चुलतभाऊ आलेत, दोघे तिघे. त्यांना कुणी बोलावलं? कपांचा आवाज. चहा. कुणीतरी हसलं, मग गप्प झालं.

विनीत विचारतोय — अजून?

सारिकाताई सांगतायत, आज-उद्या.

वाट बघतायत. सगळे बसून —

तो आत आला होता. खुर्ची ओढली, बसला. कपाळावर हात ठेवला. हात गार, बरा वाटला. रडत होता. खरंच रडत होता. मी म्हटलं, पाय बघ. चादर उचलली नाही. म्हणाला, बाबा, मी आहे ना, तुम्ही निवांत पडा. औषध येतंय.

इथेच, माझ्या तोंडावर. येतंय.

आता बाहेर गेलाय. परत येईल. लवकर लिहायला —

मी त्याचा हात धरला होता. सगळा जोर लावून. म्हटलं, झिला, माका अजून जगूचा आसा.

त्याने ऐकलं. नक्की ऐकलं. कारण त्याने उठून दार आधी आतून लोटून घेतलं आणि मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, बाबा, आता सगळ्यांना बोलावून झालंय —